माझ्या भारंभार केळी

"लग्न मानवलं हो पोरीला!" काकू मोठ्याने म्हणाली आणि देवळाच्या मंडपात जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तराजूच्या एका पारड्यात बसले होते. दुसऱ्या पारड्यात आमच्या निर्मळच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांचे घड रचलेले होते. आदल्या वर्षी जेवढे पुरले होते तेवढे सगळे घालून झाले, तरी माझं पारडं जमिनीवरून उठायला तयार नव्हतं. काकांनी वर एक फणी ठेवली, मग दुसरी. दांडी हलेना. शेवटी बाबा स्कूटरवरून वाडीत जाऊन आणखी एक अख्खा घड घेऊन आले, तेव्हा कुठे मी वर उचलले गेले. आई पदराने डोळे पुसत होती. माझा नवरा मोबाइलवर सगळं टिपत होता. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या स्टेटसला लागलंही. आणि मला धड मांडी घालता येत नव्हती, पोट मध्ये येत होतं. पैंजण सकाळी घोट्यावर बसेनात म्हणून पर्समध्ये टाकून आणले होते.

त्या टाळ्या कशासाठी वाजल्या ते मला पुढे काही महिन्यांनी कळलं. सुजेला बाळसं म्हणू नये, असं आपण भाषणात ऐकतो, अग्रलेखात वाचतो. समोर बसलेल्या जिवंत बाईच्या बाबतीत मात्र ते कोणालाच आठवत नाही.

मी जन्मले तेव्हा माझे ओठ जांभळे होते. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. चार पावलं पळाले की मी उकिडवी बसायचे, आणि बघणाऱ्यांना वाटायचं पोरगी खेळतेय. शाळेत घालायच्या वयाची झाले तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छाती उघडून ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, अरुंद वाट कापून रुंद केली. वाट रुंद करताना तिथली झडप निकामी झाली. ते टाळता येण्यासारखं नव्हतं, आणि तसं केलं नसतं तर हे लिहायला मी उरलेच नसते. त्या सर्जनवर माझा राग नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्यावर आहे त्यांची रांग मोठी आहे.

ऑपरेशन चालू असताना आई बाहेरच्या बाकावर बसून नवस बोलली. पोर जगली तर दरवर्षी तिच्या भारंभार केळी देवाला देईन. वाडीवाल्यांकडे दुसरं असतं काय? मी जगले. मार्गशीर्षात नवस फेडायच्या ठरलेल्या तिथीला पहिली तुला झाली तेव्हा म्हणे दीड घडातच माझं पारडं वर गेलं होतं, आणि केळी वाटताना आई प्रत्येकाला सांगत होती, पुढच्या वर्षी जास्त मिळतील बघा.

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टर दोन वाक्यं बोलले होते. पहिलं, "तुमची मुलगी आता बरी आहे, खेळू दे, पळू दे." दुसरं, "पण तपासणीला दरवर्षी आणायची." आमच्या घराने पहिलं वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं आणि दुसरं हॉस्पिटलाच्या पायऱ्यांवरच सोडलं. सुरुवातीला एक-दोनदा नेलं. मग आईच म्हणाली, देवाने बरी केलीय, सारखं सारखं डॉक्टरला विचारायला गेलं तर देवाला वाटेल ह्यांचा विश्वास नाही. बाबांना ते पटलं. काकांना पटलं. गल्लीत, देवळात, बाजारात सगळ्यांना पटलं. मला कोणी विचारलं नाही. मी दुसरीत होते.

आणि तुला होतीच की. लोकांच्या पोरांचं हृदय मशिनवर तपासतात, माझं तराजूवर. दरवर्षी एक-दोन फण्या जास्त लागायच्या, आणि दरवर्षी आई वर्षभराची काळजी त्या मंडपात सोडून घरी यायची. शाळेत मी पीटीच्या तासाला भिंतीला टेकायचे तेव्हा बाई म्हणायच्या, ढोंगी. घरी विहिरीवरून कळशी आणताना दोनदा थांबायचे तेव्हा काकू म्हणायची, आळशी. आई म्हणायची, "काही नाही झालेलं तिला, बघितलंत ना मार्गशीर्षात, किती भरली ते!" म्हणजे कामाच्या वेळी मी धडधाकट आणि कौतुकाच्या वेळी देवाने वाचवलेली. दोन्हीकडून सोय त्यांचीच.

लग्न झालं आणि मी तुळिंजला आले. नवरा देशावरचा, सरळ माणूस, मुंबईत नोकरीला. छातीवरची खूण मी त्याला लग्नाआधीच दाखवली होती, त्यात काही लपवाछपवी नव्हती. त्याने आईला एकच विचारलं, "आता काही त्रास नाही ना?" आई म्हणाली, "दरवर्षी वजन वाढतं हो तिचं." त्याला ते उत्तर वाटलं.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या वर्षी मी एका दमात चढायचे. मग दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाइल बघायला लागले. मेसेज आलेला नसायचा. श्वास यायचा असायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला गॅसच्या. त्यानंतर म्हणाला, मॅडम, थोडं चालायला जात जा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! छातीवर एवढी उभी रेघ घेऊन बाई समोर बसलीय आणि हा माझी जीभ बघतोय.

शेजारणींचं आणखी वेगळंच. पोट पुढे आलं तशा जिन्यात भेटतील तिथे डोळे बारीक करून विचारायच्या, "काय गं, गोड बातमी?" एकीने तर न विचारताच कैऱ्या आणून दिल्या. मी गुपचूप केमिस्टकडून तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ आली. दुसऱ्यांदा आणली. तीच रेघ. बाथरूमच्या दाराला पाठ लावून मी खूप रडले, आणि मग ओरडले. काय म्हणाले ते आठवत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या काकी विचारायला वर आल्या होत्या.

शेवटी नवऱ्यानेच रजा टाकली आणि मुंबईत एक डॉक्टर शोधून काढल्या, ज्या फक्त अशाच माणसांना बघतात: लहानपणी हृदय दुरुस्त झालेली आणि आता मोठी झालेली. त्यांनी विचारलं, "शेवटची तपासणी कधी?"

"दुसरीत असताना," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पण मॅडम, वजन वाढतंय हिचं," नवरा मध्येच म्हणाला. "म्हणजे तब्येत तशी चांगलीच म्हणायची ना?"

त्या उठून माझ्यापाशी आल्या. माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता. अंगठ्याच्या नखाएवढा खोल, आणि तो भरून येईना. आम्ही तिघं बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. "ही तब्येत नाही," त्या म्हणाल्या, "हे पाणी आहे. पायात, पोटात, सगळीकडे."

मग त्यांनी समजावलं. झडप नसल्यामुळे फुप्फुसाकडे पाठवलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं परत येतं. उजवा कप्पा तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलतो. सुरुवातीला त्याला जमतं, वर्षानुवर्षं जमतं, म्हणून कोणाला कळत नाही. पण तो ताणला जातो, सैल पडतो, आणि मग अंगात पाणी साठायला लागतं. नवी झडप बसवता येते. पण ती वेळेवर बसवायची असते. कप्पा एका हद्दीपलीकडे ताणला गेला तर झडप नवी आणि कप्पा जुनाच, असं होऊन बसतं. "तुमची वेळ गेलीय की नाही ते मला आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी पाणी उतरवू, मग एमआरआय करू. एवढं पाणी असताना तुम्हाला कोणी टेबलावर घेणार नाही." गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, आणि रोज सकाळी उठल्यावर वजन करायला सांगितलं. काटा खाली यायला हवा.

जाता जाता त्या आणखी एक बोलल्या. तुमच्यासारखे खूप येतात, म्हणाल्या, आणि सगळे असेच उशिरा. लहान मुलांचे डॉक्टर सांगतात आता तुम्ही मोठे झालात, मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात हे तर लहान मुलांचं दुखणं. मधल्या मध्ये माणूस हरवतो. मला त्यांच्यावरही चिडायचं होतं, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निर्मळला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. झडप म्हणजे काय ते त्यांना कळेना. मी म्हटलं, विहिरीवरच्या मोटरचा फुटवॉल. पाइपच्या तळाशी असतो तो, वर ओढलेलं पाणी परत विहिरीत पडू नये म्हणून. तो गेला की काय होतं?

"पाणी परत जातं. मोटर नुसती चालत राहते."

"आणि मग?"

"मग मोटर जळते," बाबा म्हणाले.

"तो फुटवॉल तुम्ही दर उन्हाळ्यात वर काढून बघता बाबा. बिघडला नसला तरी बघता. मोटरला बघता!" मी एवढ्याने ओरडले की कुंपणापलीकडे फुलं तोडणाऱ्या बायका थांबल्या. बाबा उठून वाडीत गेले.

आई मात्र ऐकायलाच तयार नव्हती. दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं फसलं. पहिलं फसलं म्हणजे देव फसला. एवढं सरळ होतं ते तिच्या डोक्यात. तरी पोरीला बरं नाही म्हटल्यावर ती न राहवून पंधरा दिवसांसाठी तुळिंजला आली. पिशवीत सुकेळी, पापड, आंब्याचं लोणचं. मी सगळं वरच्या फळीवर ठेवून दिलं.

गोळ्यांनी काम केलं होतं. काटा रोज थोडा थोडा उतरत होता. पैंजण परत बसायला लागले. चेहऱ्यावरची सूज गेली, आणि तिच्याखालून मी निघाले. मी स्वतःलाच ओळखू आले नाही. गालफडं वर आलेली, दंड काटकुळे. एवढी वर्षं मी एवढीच होते. बाकीचं पाणी होतं. आई माझ्याकडे बघून तोंड फिरवायची. "वाळली गो बाय माझी," असं भिंतीशी बोलायची. "डॉक्टर पोरीला उपाशी मारते आणि हिला कौतुक."

मग एका सकाळी काटा वर गेला. दुसऱ्या दिवशी आणखी वर. मला वाटलं, झालं. गोळ्या हरल्या. एमआरआयची तारीख जवळ आली होती. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, तारीख पुढे ढकलू, आणि काही खाल्लंत का वेगळं? मी म्हटलं, काही नाही, अळणीच जेवतेय. पायावर अंगठा दाबला. खळगा परत आला होता. त्या दुपारी मी जिना चढताना पहिल्याच मजल्यावर बसले, आणि पहिल्यांदाच वाटलं की मी मरणार आहे. तिसऱ्या मजल्यावर नाही, वर देवाघरी नाही, इथे, चपलांच्या रॅकशेजारी.

वर आले तर आई वजनकाट्यापाशी उभी. सकाळचा आकडा मी तिला सांगितला होता. ती हसत होती.

"बघ. घरचं अन्न लागलं की नाही अंगाला?"

मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीचं पातेलं उघडलं आणि बोट घालून चाटलं. मीठ. व्यवस्थित, चवीपुरतं, आईच्या हाताचं मीठ. दोन दिवस मला डाळ छान लागत होती. मी तिला तसं म्हटलंही होतं.

पुढचं मी आवाज चढवून बोलले, सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी तिला ओढत पलंगावर बसवलं. तिचा अंगठा धरला, माझ्या नडगीवर दाबला, आणि धरून ठेवला. "आता काढ." तिने काढला. "बघ. हे लागलं अंगाला. हेच लागत होतं इतकी वर्षं. हेच तू केळ्यांनी मोजत होतीस. हेच बघून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तुझ्या देवाने मला वाचवलं असेल आई, पण तुझ्या तराजूने मला मारायला घेतलंय!"

ती त्या खळग्याकडे बघत राहिली. त्यावर हळूच बोट फिरवलं तिने, भाकरीच्या पिठावर फिरवावं तसं. मग म्हणाली, "अळणी खाऊन माणूस कसं जगेल, मला वाटलं." एवढंच. पिशवी भरली आणि रिक्षाने निर्मळला निघून गेली. नवरा म्हणाला, फार बोललीस. मी म्हटलं, तू स्टेटस ठेव.

पाणी पुन्हा उतरवायला पुन्हा तेवढाच वेळ गेला. एमआरआय झाला. डॉक्टरांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, कप्पा ताणलेला आहे, काठावर आहे, पण अजून हद्दीच्या अलीकडे आहे. आणखी थांबायचं नाही. ऑपरेशनची तारीख ठरली. ती नेमकी मार्गशीर्षात आली, तिथीनंतर लगेचच.

तुलेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग बाबांचा फोन आला. "आई बोलत नाही कोणाशी," ते म्हणाले. "पण केळी उतरवलीत तिने. तू ये." मी गेले. राग घेऊनच गेले. वाटेत रिक्षात सगळी वाक्यं जुळवत होते, भर मंडपात काय काय सुनवायचं त्याची.

मंडप तोच, माणसं तीच. काकांनी गेल्या वर्षी लागले होते तेवढे सगळे घड आधीच पारड्यात रचून ठेवले होते. दोघांनी खाली दाबून धरलेल्या माझ्या पारड्यात मी बसले, आणि त्यांनी हात सोडले मात्र, समोरचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि मी वर लटकले. पाय अधांतरी. तुला सुरू झाल्यापासून इतक्या वर्षांत वजन कमी भरल्याचं कोणी बघितलं नव्हतं. काकूने तोंडाला पदर लावला. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

काका पुढे झाले, हळू आवाजात म्हणाले, "नारळ द्या हिच्या ओटीत. तीन-चार द्या. दांडी सरळ होईल, कोणाला कळायचं नाही." काकू लगबगीने नारळ घेऊन आली. मी तोंड उघडलं. जुळवलेली सगळी वाक्यं तयार होती.

पण आई मध्ये आली. तिने काकूच्या हातातले नारळ घेतले आणि खाली ठेवले. माझ्या लटकत्या पायांपाशी उकिडवी बसली. सगळ्यांदेखत माझी साडी नडगीपर्यंत सरकवली, अंगठा दाबला, आणि दाबून धरला. ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मग अंगठा उचलला आणि बघत राहिली. कातडी लगेच वर आली. खळगा नव्हता. तिने दुसरा पाय घेतला. तिथेही दाबलं, तिथेही बघितलं.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली, समोरच्या पारड्यापाशी गेली आणि वरची एक फणी काढून खाली ठेवली.

"वहिनी," काका घाबरून म्हणाले, "देवाच्या पारड्यातलं काढतात का कधी?"

"मी हिच्या भारंभार बोलले होते, भाऊजी," आई म्हणाली. "पाण्याच्या नाही."

आणि तिने दुसरी फणी काढली. दांडी सरळ होईपर्यंत ती काढत राहिली. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.